विश्लेषण : परसातल्या कोंबड्या पहिल्या वर्षी खरेच परवडतात का?

राज्याला रोज सव्वादोन कोटींहून अधिक अंडी लागतात आणि राज्यात तयार होतात जेमतेम एक ते सव्वा कोटी, असे पशुसंवर्धन विभागानेच जानेवारी २०२३ मध्ये सांगितले होते. तूट भरून काढणारी अंडी कर्नाटक, तेलंगणा आणि तमिळनाडूतून येतात. तेव्हापासून ‘दारात दहा-वीस कोंबड्या पाळा’ हा सल्ला अधिकच ऐकू येतो. अहिल्यानगर जिल्ह्यात तर मळ्यात, वस्तीवर राहणाऱ्या कुटुंबांकडे जागा असते, बाजरी-मका असतो, घरात कोणीतरी माणूसही असते. तरीही हौसेने आणलेला कळप अनेकदा वर्षभरात संपतो. पहिल्या वर्षी नेमके काय घडते, पैसा कुठे जातो आणि अंडी कधी येतात, याचा हा धांडोळा.

परसातील कोंबडी पुन्हा चर्चेत का?

२०१९ च्या विसाव्या पशुगणनेनुसार देशात ८५ कोटी १८ लाख कोंबड्या व इतर कुक्कुट पक्षी होते. त्यातले ३१ कोटी ७० लाख परसातले होते. २०१२ च्या तुलनेत परसातल्या पक्ष्यांची संख्या जवळपास ४६ टक्क्यांनी वाढली, तर व्यावसायिक पोल्ट्रीतली वाढ साडेचार टक्क्यांच्या आसपास राहिली. म्हणजे शेडमधली कोंबडी आल्यामुळे अंगणातली संपली, हा समज खरा नाही.

दुसरे कारण मुलांच्या ताटाशी जोडलेले आहे. शाळेच्या पोषण आहारात आठवड्याला एक अंडे देण्याचा निर्णय राज्य सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये घेतला आणि त्यासाठीचा निधी जानेवारी २०२५ मध्ये बंद केला. एका अंड्यात सुमारे सहा ग्रॅम प्रथिने असतात. घरच्या अंड्याची किंमत बाजारभावाने काढली जाते, पण ते घरातल्या मुलाने खाल्ले तर वहीत त्याची नोंद होत नाही. पुढच्या हिशेबात ही नोंद मुद्दाम धरली आहे.

गावरान, सुधारित की कडकनाथ?

पहिला निर्णय हाच आणि बहुतेक चुका इथेच होतात. गावरान कोंबडी वर्षाला साधारण ५० ते ७० अंडी देते. दहा-पंधरा अंडी घालते, खुडूक होते, रवणीला बसते, २१ दिवसांनी पिल्ले काढते आणि पुढचे दोन-अडीच महिने त्यांच्यामागे फिरते. त्या काळात अंडे नाही.

सुधारित जातींमध्ये गिरिराज बंगळूरुच्या कृषी विद्यापीठाने तयार केली, तर वनराजा आणि ग्रामप्रिया हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने. वनराजा अंगाने भरते, परसात वर्षाला शंभर-एकशे दहा अंडी देते. ग्रामप्रिया अंड्यांसाठीच आहे. चांगल्या सांभाळात परसातही ती दीडशेच्या पुढे जाते. दिसायला या रंगीत, अंडे तपकिरी, त्यामुळे बाजारात ते सर्रास ‘गावरान’ म्हणूनच विकले जाते. कवचाचा रंग जातीवर ठरतो आणि पिवळ्या बलकाचा खाद्यावर. तपकिरी अंडे पांढऱ्यापेक्षा अधिक पौष्टिक असते असे नाही, पण गिऱ्हाईक त्याचे दोन-तीन रुपये जास्त देते, हे खरे.

कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआची, २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेली. ती अंडी देण्यात गावरानच्या थोडीच पुढे असते. २०१९ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या इस्लामपुरातून उघड झालेल्या कडकनाथ गुंतवणूक घोटाळ्यात राज्यभरातले शेतकरी पोळले. ‘पक्षी आमच्याकडून घ्या, अंडी आम्हीच चढ्या भावाने घेऊ’ असे जिथे सांगितले जाते, तिथून परत फिरावे. ज्या कोंबडीचे अंडे गावात विकता येत नाही, ती पहिल्या वर्षी घेऊ नये.

पंचवीस पिल्लांतून कोंबड्या किती?

एक उदाहरण धरू. राहुरी तालुक्यात उसाच्या पट्ट्यात वस्तीवर राहणारे पाच माणसांचे कुटुंब जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ग्रामप्रियासारख्या जातीची एक दिवसाची २५ पिल्ले आणते. घरात बोलणे सुरू होते, ‘पंचवीस कोंबड्या, रोजची वीस अंडी.’

असे होत नाही. एक दिवसाची पिल्ले बहुतेक वेळा नर-मादी न निवडताच मिळतात. म्हणजे निम्मे कोंबडे. पहिल्या महिन्यात तीन-चार पिल्ले दगावली, तर उरतात २१. त्यातल्या दहा-अकरा माद्या. नवख्या घरासाठी हा आकडा चांगला म्हणावा असाच आहे. रोजची अंडी मग पाच-सहा.

म्हणूनच तलंगा घेणे अनेकांना सोयीचे पडते. आठ-दहा आठवड्यांची तलंग महाग मिळते, पण नर-मादी ओळखू येते, ऊब देण्याचा काळ संपलेला असतो आणि सुरुवातीच्या लसी झालेल्या असतात. पशुसंवर्धन विभागाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत ५० टक्के अनुदानावर २५ माद्या व ३ नर तलंगांचा गट किंवा शंभर एक दिवसाची पिल्ले दिली जातात. पहिल्याच वर्षी शंभर पिल्ले घेण्याचा मोह आवरावा. अनुदान निम्मे मिळते, पण चूक झाली तर शंभरच्या शंभर पिल्लांवर होते.

पहिले तीन आठवडे अवघड का?

कोंबडीच्या पंखाखालची ऊब माणसाला द्यावी लागते म्हणून. पहिल्या आठवड्यात पिल्लांना ३५ अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागते. पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी ते कमी करत जायचे. दर पिल्लामागे दोन वॉट हा ठोकताळा, म्हणजे २५ पिल्लांना ६० वॉटचा एक बल्ब. इथेच आजची एक अडचण आहे. घराघरात एलईडी आले आणि एलईडीला उष्णता नाही. जुना तारेचा पिवळा बल्ब शोधून आणावा लागतो.

पुठ्ठ्याचे गोल कडे करायचे, कारण चौकोनी खोक्याच्या कोपऱ्यात पिल्ले एकमेकांवर चढून गुदमरतात. खाली भाताचे तूस किंवा लाकडाचा भुसा, त्यावर पहिले दोन-तीन दिवस वर्तमानपत्र. (ई-पेपरच्या वाचकांना रद्दी शेजारून मागावी लागेल.) थर्मामीटर नसला तरी पिल्ले सांगतात. बल्बखाली दाटीने बसली तर थंडी, कड्याला चिकटून चोच उघडी टाकली तर उष्णता जास्त, सगळीकडे पसरून टिपत असतील तर ठीक. जूनमध्ये वादळी पावसात वीज जाते. निखाऱ्याचे मडके ठेवायचे तर खोलीला हवा हवी, कारण धुराने पिल्ले मरतात.

जिल्हा १४ तालुक्यांचा, क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा. एकच सल्ला सगळीकडे चालत नाही. अकोल्याच्या पश्चिम भागात, भंडारदऱ्याकडे, जुलै-ऑगस्टमध्ये ओल हाच शत्रू असतो. ओल्या तुसावर रक्ती हगवण येते. जामखेड, कर्जत, पाथर्डीकडे पावसाचा त्रास कमी, पण एप्रिल-मेचे ऊन कळप अर्धा करते. तिकडे खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम, पत्र्यावर पाचट आणि दुपारी गार पाणी एवढे तरी लागतेच.

मानमोडी इतकी घातक का?

परसातल्या कोंबड्यांबद्दल ‘अमक्याच्या एका रात्रीत साफ झाल्या’ असे ऐकू येते, तेव्हा बहुतेक वेळा कारण हेच असते. पशुवैद्यकीय भाषेत राणीखेत. उत्तराखंडातल्या राणीखेत येथे १९२७ मध्ये भारतात हा आजार नोंदला गेला, त्यावरून नाव पडले. जगात तो न्यूकॅसल म्हणून ओळखला जातो. हिरवट-पांढरी हगवण, धाप, पंख-पाय लुळे पडणे आणि मान वाकडी होणे ही लक्षणे. विषाणूचा आजार असल्याने औषध नाही. लस न दिलेल्या कळपातले बहुतेक सगळे पक्षी जाऊ शकतात.

लस आहे आणि ती महागही नाही. पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात किंवा नाकात लासोटाचा एक थेंब, चौदाव्या दिवसाच्या सुमारास गंबोरो, चौथ्या आठवड्यात पुन्हा लासोटा, सहा ते आठ आठवड्यांच्या दरम्यान देवीची लस, आणि आठ-दहा आठवड्यांत पंखाजवळ कातडीखाली आर-टू-बी. पुण्यात औंध येथील शासनाच्या पशुजैवपदार्थ निर्मिती संस्थेत कोंबड्यांच्या लसी तयार होतात. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात चौकशी करून तारखा आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवाव्यात.

मग अडते कुठे? कुपीत. लासोटाची कुपी शंभर, दोनशे, पाचशे मात्रांची असते. ती बर्फावर आणावी लागते आणि एकदा द्रावण केले की तासा-दोन तासांत संपवावी लागते. एकवीस पिल्लांसाठी शंभर मात्रांची कुपी फोडायला कोणी तयार नसते. ‘आणखी कोणाच्या असतील तेव्हा बघू’ म्हणता म्हणता आठवडे जातात. यावर उपाय शेजारधर्माचा आहे. वस्तीवरच्या पाच-सहा घरांनी एकच दिवस ठरवायचा, एकाने थर्मासमध्ये बर्फ घालून कुपी आणायची आणि सकाळी कोंबड्या सोडण्याआधी सगळ्यांच्या घरी फिरायचे. याने पैसे वाचतात, पण फायदा तेवढाच नाही. शेजारच्या बिनलसीच्या कोंबड्या त्याच उकिरड्यावर चरत असतील, तर आजार आसपास फिरतच राहतो. महिला बचत गटाच्या महिन्याच्या बैठकीला हे काम जोडणे मला सर्वांत शहाणपणाचे वाटते. पैसे गोळा करायला तिथे बायका जमतातच.

काष्टी, घोडेगाव, लोणी असे जनावरांसाठी प्रसिद्ध बाजार जिल्ह्यात आहेत आणि छोट्या आठवडे बाजारांत कोंबड्याही मिळतात. तिथून आणलेली कोंबडी थेट कळपात सोडणे म्हणजे आजार पिशवीत घालून घरी आणणे. नवा पक्षी दोन आठवडे वेगळ्या डालग्याखाली ठेवावा.

बर्ड फ्लू हे वेगळे प्रकरण. भारतातला पहिला उद्रेक फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला झाला. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्या मेल्या, तेव्हा बाधित परिसरातले सगळे पक्षी नष्ट करण्यात आले. अशा वेळी अंगणातल्या चार कोंबड्याही सुटत नाहीत. एकाच वेळी बरेच पक्षी मेले तर ते ओढ्यात फेकू नयेत, कुत्र्यांना घालू नयेत. दवाखान्याला कळवावे.

रात्री खुराड्याचे दार कोण लावते?

प्रश्न साधा वाटतो. मुंगूस, रानमांजर, भटकी कुत्री, साप आणि दिवसा घार. राहुरी, राहाता, श्रीरामपूर, संगमनेरच्या उसात बिबट्याही आहे. अंधार पडायच्या आत कोंबड्या आपणहून खुराड्यात येतात. दार माणसाने लावायचे असते. ते एका माणसाचे ठरलेले काम नसेल, तर ज्या दिवशी घरात लग्न असते किंवा रात्रीची वीज असल्याने सगळे पाणी द्यायला गेलेले असतात, नेमके त्याच दिवशी ते उघडे राहते.

आत दर कोंबडीला दीड-दोन चौरस फूट जागा, बसायला आडव्या काठ्या आणि चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालायला एक अंधारी पेटी. कोंबड्यांची साधी जाळी कुत्रे फाडते, म्हणून खालचे दोन फूट बारीक विणीची जाड जाळी लावावी आणि ती वीतभर जमिनीत गाडावी. पैसे वाचवायचे तर इथे वाचवू नयेत.

अंडी येतात कधी आणि थांबतात का?

जूनची पिल्ले वीस-बावीस आठवड्यांनी, म्हणजे नोव्हेंबरच्या सुरुवातीला अंड्यावर येतात. तुरा लालभडक होतो, कोंबडी पेटीत शिरून बसू लागते. पहिली अंडी लहान असतात. तोवर पाच महिने घरातून पैसा फक्त बाहेर गेलेला असतो. घरातल्या पुरुषांचा धीर सुटतो तो ऑक्टोबरमध्ये. मधला एक आधार म्हणजे कोंबडे. श्रावण, गणपती, नवरात्र संपेपर्यंत गिऱ्हाईक थंड असते, दसऱ्यानंतर उठते. जूनच्या पिल्लांतले नर तेव्हाच विकण्याजोगे झालेले असतात. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते. पिल्ले काढायची असतील तरच एखादा ठेवावा.

अडचण अशी की, अंडी सुरू होतात तेव्हा दिवस लहान होत जातो. अंड्यावरच्या कोंबडीला १४ ते १६ तास उजेड लागतो आणि डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. पहाटे चारला खुराड्यात एक दिवा लावला तर फरक पडतो. इथे एलईडी चालतो, कारण ऊब नको, उजेड हवा असतो.

बाकी कारण पोटातले. अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात, त्यातले सुमारे वीस तास कवचासाठी जातात आणि कवच जवळपास पूर्ण चुन्याचे असते. नुसती बाजरी टाकली तर कोंबडीचे पोट भरते, पण कवचाला चुना आणि अंड्याला प्रथिने मिळत नाहीत. मग अंडी पातळ कवचाची येतात, पेटीत फुटतात, कोंबडीला स्वतःचे अंडे खायची चटक लागते. बाजरी-मक्याबरोबर शेंगदाणा किंवा सोयाबीन पेंड, थोडे लेअर खाद्य आणि वेगळ्या भांड्यात शिंपल्याची पूड ठेवावी. बुरशी लागलेला मका मात्र ‘कोंबड्यांना घाला’ म्हणून टाकू नये, त्यातले विष यकृतावर जाते.

पहिल्या वर्षाचा हिशेब काय सांगतो?

पुढचे भाव धरलेले आहेत. आपल्या गावचे घालून पाहावेत. २५ पिल्ले ४० रुपयांनी १,००० रुपये. खुराडे, जाळी, पत्रा ४,०००. बल्ब, भांडी ५००. लस-औषध ५००. वीस आठवड्यांपर्यंत, बाहेर चरून येणाऱ्या २१ पक्ष्यांना वरून सुमारे ७५ किलो खाद्य, २,८०० रुपये. त्यानंतर दहा माद्या व एक नर यांना पुढच्या जूनपर्यंत दिवसाला प्रत्येकी ६० ग्रॅम, म्हणजे सुमारे १४३ किलो, घरचे धान्य बाजारभावाने धरून ४,०००. एकूण १२,८००.

जमा बाजूला, एखाद-दुसरी कोंबडी मुंगसाने नेली असे धरून नऊ कोंबड्या. एक दिवसाआड एक अंडे. नोव्हेंबर ते जूनच्या सुरुवातीपर्यंत साडेनऊशेच्या आसपास अंडी. साडेसहाशे १० रुपयांनी विकली तर ६,५००. तीनशे घरात खाल्ली, ती दुकानातल्या सात रुपयांनी धरली तर २,१००. दहा नरांतला एक ठेवला, एक घरी खाल्ला, आठ विकले, ४५० रुपयांनी ३,६००. एकूण १२,२००.

म्हणजे पहिल्या वर्षी सहाशे रुपयांचा तोटा. खुराडे पुढची चार-पाच वर्षे टिकते, म्हणून त्याचा खर्च वाटून धरला तर अडीच हजारांच्या आसपास नफा दिसतो. ‘दहा कोंबड्यांतून महिना दहा हजार’ अशा चित्रफिती मोबाइलवर फिरतात. त्यांतले गणित या आकड्यांत कुठेच बसत नाही. आणि एकदा मानमोडी येऊन गेली, तर जमेच्या बाजूला जवळपास काहीच उरत नाही.

पण साडेसहा हजार रुपये आठवड्याला दोनशे-सव्वादोनशे करून येतात. अंडी गोळा करणारी, विकणारी बहुतेक घरात बाईच असते. दुधाचे बिल बँकेत, उसाचे बिल बँकेत, खाते बहुधा पुरुषाचे. अंड्याचे पैसे मात्र रोख आणि तिच्या हातात. ते तिथेच राहतात की ‘आता धंदा झाला’ म्हणून दुसरीकडे वळतात, हेही पहिल्याच वर्षी ठरते.

दुसऱ्या वर्षी कळप कुठून येणार?

हा प्रश्न आणताना कोणी विचारत नाही. सुधारित कोंबडी जास्त अंडी देते, याचे एक मोठे कारण ती खुडूक होत नाही. पिढ्यान् पिढ्या निवड करताना रवणीला बसण्याची सवयच काढून टाकलेली आहे. म्हणजे कळपाची पुढची पिढी ती काढत नाही. यंत्रात तिची अंडी उबवली तरी निघणारी पिल्ले आईइतकी अंडी देतीलच असे नाही, कारण ती संकरातून आलेली आहे. वर्ष-दीड वर्षाने पिसे झडतात, अंडी उतरतात आणि पुन्हा पिल्ले विकत आणावी लागतात. पुणे, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर आणि नागपूर येथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत, पण पंचवीस पिल्लांसाठी एवढा प्रवास परवडत नाही. मग दारावर येणाऱ्या टेम्पोतून, कोणती जात आणि कोणती लस हे न कळता खरेदी होते.

बियाण्यांच्या बाबतीत हीच अडचण या जिल्ह्याने पाहिली आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाणे घरात जपले आणि २०२० च्या पद्मश्री यादीत त्यांचे नाव आले. कोंबडीबाबत तितके कष्ट नाहीत. दहा सुधारित माद्यांबरोबर दोन-तीन गावरान ठेवल्या की पुरे. सुधारितची अंडी विकायची, गावरानची रवणीला लावायची. अंडी आठ-दहा दिवसांपेक्षा जुनी नसावीत, धुतलेली नसावीत. सातव्या दिवशी रात्री बॅटरीच्या उजेडात अंडे धरले, की आत लाल शिरांचे जाळे दिसते. जे कोरे दिसेल ते काढून टाकायचे. एका कोंबडीखाली दहा-बारा अंडी, २१ दिवस. त्या पिल्लांना बल्ब लागत नाही, घार आली की आई ओरडते. लस मात्र त्यांनाही सातव्या दिवशीच द्यावी लागते.

उदाहरणातल्या कुटुंबाला हे ठरवायचे तर जूनची वाट पाहून चालणार नाही. मेच्या उन्हात रवणीची अंडी खराब होतात. गावरान कोंबडी थंडीत, जानेवारी-फेब्रुवारीत बसवावी लागते आणि त्यासाठी ती दिवाळीपर्यंत खुराड्यात आलेली असावी लागते.